आठवडाभर एकच शब्द: पेपर

कराडला कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा आसपासची मुलंमुली इंग्रजीच्या शंका घेऊन येतात. बहुतेकांच्या हातात एक वही असते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ती वही मी आधी मिटायला लावते. 'पेपर म्हणजे कागद' एवढं पाठ करून इंग्रजीत एक वाक्यही धड बोलता येत नाही. त्यापेक्षा येतोच असं वाटणारा एखादा सोपा शब्द घ्यायचा आणि आठवडाभर त्याचाच पिच्छा पुरवायचा. मी 'पेपर' देते, कारण माझ्याकडे तो चारही भिंतींना लागून रचलेला आहे.

पहिला प्रश्न अर्थाचा नाहीच. शब्द मोजता येतो की नाही, हे आधी बघा. साधा इंग्रजी-मराठी कोश हे सांगत नाही. शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश सांगतो. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1942 साली टोकियोत असा कोश काढला, तोच 1948 मध्ये ऑक्सफर्डने आणला. तो आता मोबाइलवर फुकट बघता येतो. शब्दाच्या शेजारी 'सी' किंवा 'काउंटेबल' दिसलं तर तो मोजता येतो, 'यू' किंवा 'अनकाउंटेबल' दिसलं तर नाही. 'पेपर'ला दोन्ही खुणा आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

लिहायचा कागद इंग्रजीत मोजत नाहीत. म्हणून 'गिव्ह मी टू पेपर्स' म्हणालात तर इंग्रज माणूस दोन वर्तमानपत्रं उचलून देईल. 'टू शीट्स ऑफ पेपर' म्हणायचं. 'शीट' म्हणजे अख्खा ताव, 'पीस' म्हणजे चिठ्ठी-चपाटीही चालेल, 'स्क्रॅप' म्हणजे फाडलेला तुकडा, 'रीम' म्हणजे पाचशे. मुलं विचारतात, डोळ्यांपुढे कागद मोजतो आहोत, मग असं का? मी रीमचं वेष्टण दाखवते. त्यावर लिहिलेलं असतं 80 जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 80 ग्रॅम. ए-फोर असतो 210 बाय 297 मिलिमीटर; असे सोळा कागद जोडले की एक चौरस मीटर होतो. म्हणजे एक कागद पाच ग्रॅमचा, आणि रीम अडीच किलोची. गिरणीत कागद असाच वजनावर आणि क्षेत्रफळावर चालतो, आणि इंग्रजी भाषाही त्याच्याकडे तशीच बघते: पिठासारखा माल, नग नव्हे.

मोजता येतो तेव्हा 'पेपर'चा अर्थच बदलतो. 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका, किंवा शोधनिबंध. 'पेपर्स' म्हणजे बरेचदा कागदपत्रं. पोलिसाने 'युअर पेपर्स, प्लीज' म्हटलं की लायसन्स, आरसी काढायची. आणि 'पेपरवर्क'ला कधीही 'स' लावू नका, कितीही खेटे घालावे लागले तरी. उलट 'न्यूजपेपर' हातात धरून वाचायचा तेव्हा मोजतात, पण काच गुंडाळायला घेतला की 'रॅप इट इन न्यूजपेपर', मागेपुढे काही नाही. वस्तू तीच, पण माल झाली की मोजणी संपली.

दुसरं काम क्रियापदांचं, आणि आपण मराठी माणसं सगळ्यात जास्त इथेच अडतो. वहीत दोन रकाने पाडा. एका रकान्यात आपण 'पेपर'सोबत जे जे म्हणतो ते लिहा: पेपर देतो, काढतो, तपासतो, वाचतो, टाकतो, पेपर फुटतो, अवघड जातो. दुसऱ्या रकान्यात इंग्रज काय म्हणेल ते कोशातली उदाहरणं बघून भरा. आपण पेपर 'देतो', पण 'आय गेव्ह द पेपर' ऐकून इंग्लंडमधल्या माणसाला वाटेल तुम्ही मास्तर आहात आणि वर्गात प्रश्नपत्रिका वाटल्यात. तिथे पेपरला 'सिट' म्हणतात किंवा 'टेक'. काढणाऱ्याने पेपर 'सेट' केला, तपासणाऱ्याने 'मार्क' केला; अमेरिकेत तपासण्याला 'ग्रेड'. फुटला तर 'द पेपर वॉज लीक्ड'. हे शेवटचं आपल्या मुलांना न शिकवता येतं, बातम्यांची कृपा.

अमेरिकेला निघालेल्यांना एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. तिकडे प्राध्यापक म्हणाले 'युअर पेपर इज ड्यू फ्रायडे', तर शुक्रवारी परीक्षा नाही. घरी बसून लिहायचा निबंध शुक्रवारी जमा करायचा आहे. परीक्षेला ते 'एक्झाम' किंवा 'टेस्ट' म्हणतात.

'टाकणे' मला फार आवडतं. आमच्या गल्लीत पहाटे पोरगा पेपर टाकतो. पुण्याला आयटीत असलेला माझा भाचा फोनवर म्हणतो, "मावशी, मी पेपर टाकले." म्हणजे राजीनामा दिला. हे 'पुट इन हिज पेपर्स' भारतीय इंग्रजीतलं आहे, आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं. लंडनच्या साहेबाला कळवायचं तर 'हँडेड इन माय नोटीस' म्हणावं. भारतीय प्रयोग चूक आहे असं मी मानत नाही. समोर कोण बसलंय ते बघून शब्द काढावा.

शब्दयोगी अव्ययांना मात्र माफी नाही. बातमी 'इन द पेपर' असते, 'ऑन' नाही. 'ऑन पेपर' म्हणजे कागदोपत्री: 'ऑन पेपर, द रोड इज फिनिश्ड.' आमच्या रस्त्याला हे वाक्य चपखल बसतं. आणि पुढे दुसरं नाम जोडलं की 'पेपर' एकवचनीच राहतो: 'पेपर कप्स', 'पेपर बॅग्ज'.

कानाला सवय लागायला एकच बातमी दोन भाषांत वाचा. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापत. आज ती सोय नाही, पण भरतीचा पेपर फुटला की दोन्ही भाषांत पहिल्या पानावर असतोच. मराठी बातमीतल्या 'प्रश्नपत्रिका', 'कागदपत्रे', 'श्वेतपत्रिका' या शब्दांखाली रेघ मारा, मग इंग्रजीत त्या जागी काय आहे ते बघा. श्वेतपत्रिकेला 'व्हाइट पेपर' सापडेल.

आठवड्याच्या शेवटी पाच वाक्यं लिहा, स्वतःच्या घरातली. 'द पेपर इज व्हाइट' असलं काही मी तपासत नाही. "काकूंनी रद्दी दिली", "दादाचे जमिनीचे कागद सापडत नाहीत", असं काही आणा. रद्दीला 'वेस्ट पेपर' केलंत तर 'स' नाही, 'ओल्ड न्यूजपेपर्स' केलंत तर आहे.

'पेपर' झाला की पुढे 'चेंज' घ्या. सुट्टे पैसे आपण एकेक नाणं मोजून देतो आणि तरी इंग्रजीत ते मोजत नाहीत. 'डू यू हॅव चेंज फॉर अ हंड्रेड?' एवढंच. 'चेंजेस' म्हणालात तर गल्लेवाला विचारेल, कशात बदल करू?