टायमिंग चेन उघडण्याआधी: जुन्या टेम्पोची तयारी

डिसेंबरात पहाटे निफाडकडून माल भरायचा असेल आणि गाडी दोन-तीन सेल्फला नुसतीच खोकून पांढरा धूर सोडत असेल, तर सगळे आधी हीटर प्लगवर संशय घेतात, मग डिझेल फवारणाऱ्या नोझलवर. मीही तेच केलं. नोझल सातपूरच्या मायको (आताच्या बॉश) कारखान्यात बनतात, अख्खा चौक मायको सर्कल म्हणून ओळखला जातो, त्यामुळे नाशकात नोझल तपासणाऱ्याची वानवा नाही. दोनदा तपासून घेतले, दोन्ही वेळा ठीक निघाले. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या बाजूनं येणारी बारीक खरखर मात्र रेस सोडल्यावर जास्त ऐकू यायची. ती टायमिंग चेन होती, खालच्या क्रँकवरून वरचा कॅम फिरवणारी.

मी बोलतोय ते जुन्या टेम्पोबद्दल, ज्यात मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम ६१६ जातीचं डिझेल इंजिन परवान्यानं आकुर्डीत बनून बसायचं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्ये, दुहेरी चेन, आणि डिझेल पंपही त्याच चेनवर फिरतो. इथंच खरी गोम आहे. चेन लांबली की कॅम मागे पडतो आणि त्याच्याबरोबर पंपही मागे पडतो, म्हणजे डिझेल उशिरा पडतं. म्हणून थंडीत सुरू व्हायला त्रास, म्हणून पांढरा धूर, म्हणून वणीच्या चढाला लोड घेऊन जाताना दम. आणि चेन तुटली किंवा दाता उडी मारून गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग चेनचं काम राहत नाही, हेडचं होतं.

पहिली तयारी वेळेची. द्राक्ष जानेवारीत सुरू झालं की एप्रिलपर्यंत गाडीला श्वास नाही. दिवाळी उरकल्यावर ते नाताळाच्या आधी, दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवा. मिस्त्री म्हणेल एका दिवसात देतो. वरून चेन तेवढी बदलायची असेल तर त्याचं खरं आहे. गिअरही बदलायचे निघाले तर नाही. ते कोणत्या गाडीला लागणार हे उघडल्याशिवाय समजत नाही, म्हणून दुसरा दिवस हाताशी हवा.

सामान आणायच्या आधी मोजणी करा. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढलं की कॅमच्या पुढच्या वॉशरवर एक खाच दिसते आणि बेअरिंगच्या टॉवरवर एक रेघ. खालचा क्रँकचा बोल्ट २७ च्या गोटीनं (सॉकेटनं) फिरवून खाच रेघेला आणायची, आणि मग पुलीवरचे अंश वाचायचे. फिरवायचं फक्त इंजिन फिरतं त्याच दिशेला. खाच पुढे गेली तर मागे ओढून आणू नका, पुन्हा दोन फेरे मारून या, नाहीतर ढिली चेन तुम्हाला खोटं बोलते. पुलीवर शून्याच्या पुढे दोन-तीन अंश दिसले तर काम थांबू शकतं. माझ्या गाडीत सातच्या पुढे होतं. खाच पाहून काढलेलं हे माप ढोबळच, पण दुकानात जाऊन काय मागायचं हे ठरवायला पुरतं.

काही मिस्त्री सांगतात, चेन नको, ऑफसेट चावी टाकू, म्हणजे गिअर कॅमवर अडकवणारा लोखंडी तुकडा. चार, साडेसहा, आठ, दहा अंशांच्या तिरक्या चाव्या मिळतात. कॅमच्या गिअरात बसवल्या की कॅम पुन्हा जागेवर येतो. पण लांबलेली चेन लांबलेलीच राहते, चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात संपत येतो तो येतोच. नवीन चेन टाकल्यावर उरलेला एखाद-दोन अंशांचा फरक काढायला चावी ठीक. जुन्या चेनची जिंदगी वाढवायला मी ती वापरणार नाही.

आता गिअर. सगळ्यांचा कल चेन बदलून गिअर तेच ठेवण्याचा असतो, कारण वरचा कॅम गिअर हाताला लागतो आणि खालचा क्रँकचा लागत नाही. पण क्रँकच्या गिअरला कॅमच्या निम्मे दाते. म्हणजे कॅमचा एक फेरा होईस्तोवर क्रँकचा प्रत्येक दाता दोनदा ओढ खातो. वरच्या गिअरचे दाते बॅटरीनं नीट बघा: सरळ त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर खालचाही बहुतेक चालेल. एका बाजूनं कुरतडून वाघनखासारखे वाकडे झाले असतील, तर खालचा त्याहून वाईट आहे हे धरूनच चाला. जुन्या दात्यांवर नवी चेन म्हणजे वर्षभरात पुन्हा तोच खर्च. क्रँकचा गिअर काढायचा ठरला की रेडिएटर, पंखा, पुली, पुढचं कव्हर असं सगळं निघतं आणि कव्हरखाली चेंबरही (तळाची ऑइलची टाकी) सैल करावा लागतो. पुलीच्या मोठ्या बोल्टाला लांब पाईपशिवाय हात लावायचा विचारही करू नका. मग पुढचं ऑइल सील, कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, फॅन बेल्ट हे सगळं आधीच आणून ठेवायचं. सील जुनं ठेवून कव्हर बसवणं म्हणजे तेच कव्हर पुन्हा उघडण्याचा मुहूर्त काढणं.

दुकानात जाताना इंजिन नंबरचा फोटो घेऊन जा. जुन्या गाड्यांना कोणी ना कोणी मधे इंजिन बदललेलं असतं, नुसत्या मॉडेलच्या नावावर सामान मागू नका. चेन, तिची जोडकडी, शक्यतो एक जास्तीची कडी, टेन्शनर आणि त्याचं पॅकिंग, प्लास्टिकच्या गाईड पट्ट्या, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल आणि फिल्टर. गाईड पट्ट्यांवर पैसे वाचवू नका. जुनं प्लास्टिक तेलानं तपकिरी होऊन बिस्किटासारखं मोडतं आणि तुकडे खाली चेंबरात जातात. नवी चेन घरी आणल्यावर जुनीच्या कड्या मोजा, नवीच्या मोजा. मला एकदा दोन कड्या कमी असलेली चेन मिळाली होती. दुकान जवळ होतं म्हणून निभावलं.

हत्यारांत दोन गोष्टी मिस्त्रीकडे आहेत का हे आधी विचारा. एक, जोडकडीची पिन दाबून फुलवायचं हत्यार. मागून लोखंड धरून हातोडीनं ठोकणारे पुष्कळ आहेत, पण त्यात कडी आखडते किंवा पिन अर्धवट फुलते. लॉकवाली कडी मिळाली असेल तर लॉकचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला. दोन, गाईड पट्टीच्या पिना ओढायची सोय. पिनेला आतून सहा एमएमचे आटे असतात. सहाचा लांब बोल्ट, पाईपचा तुकडा आणि दोन जाड वॉशर घेतले की बोल्ट आवळता आवळता पिन बाहेर येते. अंबडच्या कुठल्याही लेथवाल्याकडे पाईपचा तुकडा चहाच्या पैशांत मिळेल. बाकी टॉर्क पाना, ग्राइंडर, चुंबक लावलेली दांडी, व्हाइटनरची बाटली, पातळ तार, दोन ग्रिप पक्कड.

आणि चिंध्या. स्वच्छ, मोठ्या, सुती, धागे न सुटणाऱ्या. जुनी साडी सगळ्यात उत्तम. चेन कापताना पिनेचं टोक ग्राइंडरनं घासायचं असतं आणि खाली चेनचा गाळा थेट चेंबरपर्यंत उघडा असतो. एक चिंधी गाळ्यात कोंबा, दुसरी हेडवर पसरा, आणि किती चिंध्या आत गेल्या ते मोजा. माझ्या पहिल्या वेळी जोडकडीची बाजूची पट्टी पडली. चुंबक, तार, सगळं करून चार तास गेले, शेवटी चेंबर उतरवला. तेव्हापासून गाळा मोकळा ठेवून मी कडीला हात लावू देत नाही.

माणसं दोन हवीत, हीसुद्धा तयारीच आहे. हीटर प्लग काढले की कॉम्प्रेशन सुटतं आणि इंजिन हातानं फिरतं. रॉकर काढले तर कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगनं उसळत नाही. थोडं काम वाढतं, पण करा. टेन्शनर काढून, जुन्या चेनच्या टोकाला नवी चेन जोडून, एक जण हळूहळू क्रँक फिरवतो आणि दुसरा जुनी चेन वर ओढत नवी कॅमच्या दात्यांवर बसती ठेवतो. दोन्ही बाजू तारेनं किंवा पकडीनं गिअरला बांधलेल्या. टोक निसटून खाली गेलं की पंपाच्या गिअरवरून चेन उतरलीच समजा. त्यामुळे क्रँक फिरवणाऱ्याला फोन खिशात ठेवायला सांगा, मालकालाही दुकानाबाहेर चहाला पाठवा. मालक मीच होतो, म्हणून सांगतो.

नवा टेन्शनर कोरडा बसवू नका. वाटीत इंजिन ऑइल घेऊन त्यात बुडवून दाबत-सोडत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा राहिली तर पहिल्या सेल्फला चेन फटके मारते. कॅम गिअरचा बोल्ट ८० न्यूटन मीटर. जोडून झालं की हातानं पुरे दोन फेरे, खुणा पुन्हा, आणि कुठं अडल्यासारखं वाटलं तर जोर न लावता थांबायचं.

पंपाचं टायमिंग आणि टॅपेट त्याच बैठकीत करून घ्या, म्हणून मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ते वेगळं बिल धरतो. या इंजिनाला डिझेल टॉप सेंटरच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या, २४ अंश आधी पडायला हवं. पहिल्या सिलिंडरच्या नळीतून थेंब बघून ते लावतात. टॅपेटची फट थंड इंजिनावर, इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. जुन्या चेनवर पंप पुढं सरकवून कोणी काम चालवलं असेल तर नव्या चेनवर तोच पंप आता लवकर मारेल आणि इंजिन ठकठक करेल.

ऑइल मात्र काम झाल्यावरच बदला, आधी नाही. चार-पाचशे किलोमीटरनं फिल्टर कापून बघा. पहिली फेरी रिकामी घ्या, आडगाव नाक्यापासून ओझरपर्यंत आणि परत. कसाऱ्याचा घाट त्याच आठवड्यात भरून उतरायचा नाही.