हिव टाळायचंय? खान्देशातून श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पंधरा दिवस निवांत कसे काढायचे

डिसेंबर लागला की धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या सुरू होतात, सातपुड्यात मोलगी-डाबकडे दव गोठल्याचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि घरातली म्हातारी माणसं नऊ वाजल्याशिवाय गोधडीतून बाहेर येत नाहीत. आपला हिवाळा वाईट नाही हो, भरीत-पुरी, दादरचा हुरडा, मेहरूणची बोरं हे सगळं थंडीचंच देणं आहे, पण ज्यांचे गुडघे आखडतात, ज्यांना दमा आहे, पहाटेच्या हिवात ज्यांची छाती भरते त्यांच्यासाठी दोन आठवडे उबदार ठिकाणी जाऊन राहणं ही काही चैन नाही. माझ्या ओळखीत रिटायर झालेली अशी कितीतरी जोडपी आहेत ज्यांचा पासपोर्ट कपाटात तसाच पडलाय आणि परदेश म्हटलं की त्यांना दुबई नाहीतर बँकॉकच आठवतं. त्यांना मी दरवेळी एकच सांगते, श्रीलंकेला जा, दक्षिण किनाऱ्यावर जा, आणि एकाच गावात राहा.

एकाच गावात, हे महत्त्वाचं. आठवड्यात आठ पॉइंट वाली टूर घेतली तर फोटो भरपूर मिळतात, पण तिथल्या लोकांची जी सावकाश चाल आहे ती बसच्या काचेतून कळत नाही. ती अंगात यायला वेळ लागतो आणि ती अंगात आली की खरी विश्रांती सुरू होते.

महिना आणि किनारा बरोबर निवडा

श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला झोडपतो आणि आपल्या हिवाळ्यात ईशान्येचा पाऊस उत्तर-पूर्वेला, म्हणजे जाफना-त्रिंकोमालीकडे पडतो. त्यामुळे डिसेंबर ते मार्च दक्षिण किनारा कोरडा, समुद्र शांत, दिवसा २९-३० अंश आणि रात्रीसुद्धा तेवीस-चोवीसच्या खाली सहसा जात नाही. कोणी स्वस्तात त्रिंकोमालीचं बुकिंग देत असेल तर या दिवसांत घेऊ नका. आणि रामायण टूरच्या नावाखाली नुवारा एलियाला नेतात, तिथलं सीतामातेचं मंदिर बघण्यासारखं आहे, पण ते गाव १,८६८ मीटरवर आहे आणि जानेवारीत तिथे रात्री स्वेटर-कानटोपी लागतेच, थंडी टाळायला निघालेल्या माणसाने तिथे मुक्काम करू नये.

शेती असेल तर निघण्याआधी घरचं नीट बघा. कापसाची वेचणी उरकलेली असली तरी हरभरा-गव्हाचं पाणी चालू असतं, आणि केळीचा बाग असेल तर पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, तेव्हा रात्री पाणी देणं, बांधावर धूर करणं हे कोणीतरी करावंच लागतं. सालदार भरवशाचा असेल, भाऊ-पुतण्या बघणारा असेल तरच पंधरा दिवसांची सुट्टी धरा, नाहीतर जीव सगळा बागेत अडकून राहील.

कागदपत्रं

पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा पाहिजे. जाण्याआधी ऑनलाइन ईटीए म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी काढायची, ती श्रीलंका सरकारच्या अधिकृत साइटवरूनच काढा कारण सर्च केलं की अगदी तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट वर येतात आणि भरमसाट पैसे घेतात. फीचे नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यातच बघून घ्या. परतीचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचा पत्ता, दोन्हीच्या प्रिंट जवळ ठेवा, आणि प्रवास विमा काढा, साठीच्या पुढच्यांनी तर नक्की. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हँडबॅगमध्ये.

पैशांचं सोपं आहे. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण तीन-साडेतीन रुपये येतात, फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयही सुरू झालंय, पण ते सगळ्या दुकानांत चालेल असं धरू नका, खेड्यातल्या नारळवाल्याला रोखच लागते. थोडे डॉलर न्या, एअरपोर्टवर लागतील तेवढे बदला, बाकी कार्ड. घड्याळ बदलायचं नाही, त्यांची आणि आपली वेळ एकच.

कसं जायचं

जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून कोलंबोचं थेट विमान, अडीच तासांच्या आसपास. गाडी आणि विमान यांच्यात भरपूर वेळ ठेवा, हिवाळ्यात आपल्या रेल्वे लेट होतात. कोलंबोचं एअरपोर्ट शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे, जवळजवळ तीस किलोमीटर. तिथून गाडी केली तर एक्स्प्रेसवेने दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल शहराला अडीच तासांत पोचता, पण तब्येत साथ देत असेल तर एक रात्र कोलंबोत काढा आणि सकाळी फोर्ट स्टेशनवरून गॉल-मातराची ट्रेन पकडा. उजवीकडच्या खिडकीशी बसा. रूळ समुद्राच्या इतके जवळून जातात की लाटांचं पाणी दिसत राहतं, डब्यात फेरीवाले डाळीचे कुरकुरीत वडे विकत फिरतात, गाडी पळायची घाई करत नाही आणि कोणी चिडतही नाही. तुमची सुट्टी या डब्यातच सुरू होते.

मुक्काम

गॉल ते मातरा हा साधारण पंचेचाळीस किलोमीटरचा पट्टा, त्यात उनावटुना, वेलिगामा, मिरिसा ही गावं सगळ्यांना माहीत. तरुण मंडळी वेलिगामाला सर्फिंग शिकायला जातात, मिरिसाहून या दिवसांत निळे देवमासे बघायच्या बोटी सुटतात. पण ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर माझं मत पोल्हेनाला, म्हणजे मातरा शहराला लागून. तिथे समुद्रात प्रवाळाची नैसर्गिक भिंत आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी उथळ आणि शांत असतं, रविवारी आसपासची कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन येतात, आज्ज्या कंबरभर पाण्यात बसून गप्पा मारत असतात, आपल्या काकूंनाही तिथे संकोच वाटत नाही.

हॉटेलपेक्षा घरगुती गेस्ट हाउस घ्या, वर खोली आणि खाली मालकाचं कुटुंब अशी. बुकिंग आधी तीन-चार रात्रींचंच करा, जागा आवडली की समोर बोलून पुढचे दिवस वाढवून घ्या, जास्त दिवसांचा भावही बरा मिळतो. खोली घेताना बाथरूममध्ये गरम पाणी आहे का, मच्छरदाणी आहे का, जिने किती हे विचारा. काही ठिकाणी प्लगची भोकं चौकोनी असतात, अ‍ॅडॉप्टर घरूनच न्या.

पहिले तीन दिवस काही करू नका

हे सगळ्यात अवघड जातं बरं का. आपली सवय अशी की इतके पैसे घालून आलोय तर सकाळी सहाला उठून काहीतरी बघून यावं. तसं नाही करायचं. सकाळी चहा प्या, तिथे दुधाशिवायचा प्लेन टी असतो, तळहातावर गुळाचा खडा घेऊन एक चावा गुळाचा आणि एक घोट चहाचा. मग पावाची टुकटुक म्हणजे रिक्षा येते, एक ठरलेली ट्यून वाजवत, ती थांबवून ताजा पाव घ्या. ऊन चढायच्या आत समुद्रावर चालून या, दुपारी झोपा, चार वाजता पुन्हा चहा, सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो तो बघायला गावातले लोकही येऊन बसतात, मोबाइल न काढता नुसते बसतात. दुकानदाराला नारळ फोडायला सांगितला आणि तो आधी शेजाऱ्याशी बोलणं पूर्ण करतोय तर करू द्या. जेवण ऑर्डर केलं की ताजं बनवायला घेतात, पाऊण तास लागतो, म्हणून भूक लागायच्या आधी सांगून ठेवायचं. चौथ्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळेल की आपण घड्याळ कमी बघतोय.

आणि याला आळस म्हणू नका. या लोकांनी १९८३ ते २००९ यादवी युद्ध बघितलंय, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने हाच किनारा उद्ध्वस्त केला, पेरालियाला तर अख्खी ट्रेन वाहून गेली आणि हजाराच्या वर माणसं गेली, २०२२ मध्ये पेट्रोल-गॅससाठी दिवस-दिवस रांगा लावल्या. एवढं सगळं सोसून ही माणसं अनोळखी पाहुण्याशी हसून बोलतात आणि संध्याकाळी निवांत समुद्राकडे बघत बसतात, मला याचा फार आदर वाटतो. २६ डिसेंबरला तिथे असाल तर सकाळी दोन मिनिटं शांतता पाळतात, त्यांच्याबरोबर उभे राहा.

खाणं

खान्देशी माणसाला तिथलं जेवण फिकं लागत नाही, चांगलं झणझणीत असतं. फरक तेलाचा, आपलं शेंगदाण्याचं आणि त्यांचं खोबऱ्याचं, दोन दिवसांत सवय होते. राइस अँड करी मागितलं की भाताभोवती चार-पाच भाज्या येतात, मसूर डाळ नारळाच्या दुधातली, फणस, भेंडी, बीट, वांगं, आणि हे सगळं साध्या खानावळीतसुद्धा. भाकर-ठेच्याची आठवण आली तर पोल रोटी मागवा, ओलं खोबरं घातलेली जाड रोटी आणि बरोबर लुनु मिरिस म्हणजे कांदा-मिरची-मीठ वाटलेलं, कुठे कुठे कुरक्कन म्हणजे नाचणीची रोटीही मिळते. सकाळी हॉपर म्हणजे आप्पम किंवा इडियाप्पमसारखे स्ट्रिंग हॉपर. म्हशीच्या दुधाचं मातीच्या मडक्यात लावलेलं घट्ट दही आणि त्यावर कितुल ताडाचा पाक, हे दक्षिण किनाऱ्याचं खास, रोज खाल्लं तरी मन भरत नाही.

शाकाहारी लोकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पोल सांबोल ही खोबऱ्याची चटणी आणि काही भाज्यासुद्धा वाळवलेल्या मासळीचा चुरा घालून करतात, त्याला उंबलकडा म्हणतात. तेव्हा ऑर्डर देतानाच "मस एपा, माळु एपा, उंबलकडा एपा" असं सांगायचं, म्हणजे मटण-मासळी-चुरा काही नको. अंडं नको तर "बित्तर एपा". हसतात आणि नीट करून देतात.

रावेर-यावल-सावद्याकडची मंडळी असतील तर केळीच्या दुकानासमोर अर्धा तास हमखास जाणार. आपल्याकडे जिकडेतिकडे ग्रँड नैन, तिथे एकाच दुकानात पाच-सहा जातींचे घड टांगलेले असतात, छोटी आंबटगोड अंबुल, महागडी आणि मऊ कोलिकुट्टू, लाल सालीची रतंबला, भाजीची अळू केहेल. सगळ्यांतली एकेक घेऊन खाऊन बघा, दुकानदाराला सांगा आम्ही केळीवाल्या मुलखातले, मग तो स्टूल पुढे करतो आणि बोलणं संपतच नाही.

वागायचं कसं

देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले, चपला बाहेर, शक्यतो पांढरे किंवा फिके कपडे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, बुद्धाचं चित्र असलेला टी-शर्ट किंवा टॅटू मिरवायचा नाही, हे तिथे फार गंभीरपणे घेतात. ट्रेनमध्ये, किनाऱ्यावर मोबाइलचा स्पीकर लावून व्हिडिओ बघू नका, ग्रुपने मोठ्याने ओरडू नका. शांतता हा तिथल्या निवांतपणाचा अर्धा भाग आहे, तो आपण मोडायचा नाही.

दर पौर्णिमेला तिथे पोया असतो, सार्वजनिक सुट्टी, त्या दिवशी दारू आणि मटण विकत नाहीत. लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात. डिसेंबरची उंदुवप पोया बहुतेक वेळा आपल्या दत्त जयंतीलाच येते, आपल्याकडे सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला असतो आणि तिथे सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बोधिवृक्षाची फांदी लंकेत आणली त्याचं स्मरण चालू असतं. त्या संध्याकाळी जवळच्या विहारात जाऊन तेलाची एक पणती लावा, कोणी तुम्हाला परकं समजणार नाही.

एक संध्याकाळ मात्र गॉलच्या किल्ल्याला द्या. पोर्तुगिजांनी सुरुवात केली, डचांनी सतराव्या शतकात भक्कम बांधला, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण म्युझियमसारखा बंद नाही, आत लोक राहतात, शाळा आहे, मशीद आहे, कोर्ट आहे. तटावर पोरं पतंग उडवतात, खाली क्रिकेटचं मैदान दिसतं, त्याच मैदानावर २०१० मध्ये मुरलीधरनने आपल्याविरुद्ध कसोटीतली ८००वी विकेट घेतली. तटावर बसलेल्या कोणाही काकांकडे हा विषय काढा, मातराचा जयसूर्या निघतो, आपला सचिन निघतो, अंधार पडेपर्यंत गप्पा.

समुद्र आणि डास

पाण्याची चेष्टा करू नका. लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही, लाटांमध्ये शांत दिसणारा जो पट्टा असतो तिथेच बहुतेक वेळा आत ओढणारा प्रवाह असतो. आपण तापी-गिरणेच्या काठची माणसं, नदीत पोहता येतं म्हणून समुद्रात जमेल असं नाही. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, प्रवाहाला आडवं, किनाऱ्याला समांतर पोहा आणि मग बाहेर या. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, क्रीम सकाळीच लावा. पाणी बाटलीचं प्या.

टुकटुकचा भाव बसण्याआधी ठरवा किंवा पिकमी अ‍ॅपवर बघून घ्या, दहा-वीस रुपयांसाठी वाद घालत बसू नका. घरमालकाच्या कुटुंबासाठी जळगावचे केळी वेफर्स आणि एखादा किलो शेंगदाण्याचे लाडू नेले असतील तर ते निघताना नाही, पहिल्याच दिवशी द्या, पंधरा दिवसांचं नातं वेगळंच होतं. आणि शेवटची रात्र गॉल-मातराला काढू नका, नेगोंबोला काढा, एअरपोर्ट तिथून जवळ आहे, कोलंबोचं ट्रॅफिक मध्ये येत नाही आणि पहाटेचं विमान असलं तरी झोप होते.