क्लच पेडल बसलं? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं तपासा

पेडल तळाला गेलं, गिअर पडेना, की बऱ्याच गॅरेजमध्ये गाडी आत घ्यायच्या आधीच निकाल लागतो: "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." कधी ते खरंही असतं. पण हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल आणि प्लेट यांच्यामध्ये दोन सिलिंडर, एक पाइप, एक रबरी होज आणि थोडंसं ब्रेक ऑइल असतं, आणि पेडल बसण्याचं कारण बहुधा तिथेच सापडतं. प्लेट झिजली तर क्लच घसरतो, म्हणजे इंजिन फिरतं पण गाडी खेचत नाही; पेडल बसत नाही. हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मी चुकीची बिलं टळतील.

आधी आपल्या गाडीत हायड्रॉलिक क्लच आहे का ते बघा. अल्टो, वॅगन आरसारख्या गाड्यांत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत तारेची केबल जाते. त्यांना पुढचं बरंचसं लागू नाही. सिटी, इनोव्हा, इकोस्पोर्ट, डस्टर या गाड्यांत तेलाचा दाब काम करतो. पेडलच्या मागे, इंजिनाच्या बाजूला मास्टर सिलिंडर असतो, त्याला मेकॅनिक ‘अप्पर’ म्हणतात. गिअरबॉक्सकडे असतो तो स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ‘लोअर’. हा लोअर दोन तऱ्हेचा असतो आणि सगळ्या खर्चाची मेख इथेच आहे. सिटी, इनोव्हामध्ये तो गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर बसतो आणि फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, ढकलतो. इकोस्पोर्ट, डस्टरमध्ये तो रिलीज बेअरिंगसकट (क्लच सोडवायला दाब देणारं बेअरिंग) गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. बाहेरचा बदलायला तास-दीड तास पुरतो. आतला बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. म्हणून कुठल्याही गॅरेजला पहिला प्रश्न हाच विचारा: लोअर आत आहे की बाहेर?

घरी, पाना न उचलता

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून करा. एकावर एक दोन मॅट टाकल्या की पेडल पूर्ण खाली जात नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. हसू येईल, पण हा ‘बिघाड’ मॅट काढली की संपतो. मग पेडलच्या वर वाकून बघा: पुशरॉडची (पेडलपासून अप्परला ढकलणाऱ्या दांड्याची) पिन झिजली आहे का, प्लॅस्टिकचा डोळा तुटला आहे का. स्वस्तातला दोष आधी इथेच शोधायचा.

आता बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्याच डबीतून येतं आणि क्लचची नळी डबीला ब्रेकच्या वाटेपेक्षा वरच्या अंगाला जोडलेली असते. गळती झाली तर आधी क्लच जावा, ब्रेक शाबूत राहावा, अशी ती सोय. त्यामुळे तेल कमी झालेलं दिसलं तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. ते कुठे गेलं ते शोधा. ब्रेक पॅड झिजल्यावरही पातळी थोडी उतरते, पण ती हळूहळू. तेलाचा रंगही बघा. ताजं तेल पिवळसर असतं. काळं पडलं असेल तर आतली रबरं झिजून त्यात मिसळली आहेत.

गळती शोधायच्या तीन जागा. पहिली, पेडलच्या मागची भिंत आणि गालिचा: ओलसर, निसरडं लागलं तर अप्पर बाहेरून गळतोय. दुसरी, बाहेरच्या लोअरचं रबरी टोपण: स्क्रू ड्रायव्हरने त्याची कड हलकेच उचला, आतून तेल ओघळलं तर लोअर गेला. तिसरी, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथला खालचा भाग. इथे थेंब दिसला तर घाई करू नका. तो इंजिन ऑइलचा असू शकतो, गिअर ऑइलचाही असू शकतो. थेंब वाटीभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, बाकीची तेलं वर तरंगतात. मिसळलं तर आतला लोअर गळतोय. तरंगलं तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या ऑइल सीलकडे किंवा गिअरबॉक्सच्या सीलकडे बोट जातं.

लक्षणावरून निदान

तेलाची पातळी बरोबर, बाहेर कुठे थेंब नाही, तरी पेडल हळूहळू खाली सरकतं, आणि चार वेळा झपाझप मारलं की गिअर पडतो. अशा वेळी बहुधा अप्परच्या आतलं रबर दाब धरत नाही. तेल पिस्टनच्या कडेने मागे निसटतं. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून पहिला गिअर टाका, डावा पाय क्लचवर तसाच दाबून ठेवा, उजवा ब्रेकच्या वर तयार ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. गाडी आपोआप पुढे सरकायला लागली तर दाब उतरतोय. सिग्नलला उभं असताना हा दोष नेमका त्रास देतो.

पेडल स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा शिरली आहे. नुकतंच काम झालं असेल तर हवा नीट काढलेली नाही. काम झालंच नसेल, तर हवा जिथून आत आली तिथून तेलही बाहेर येतं, तेव्हा गळतीकडे परत या.

गिअर अडकतोय, पण क्लच नेमका दोषी आहे का? इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. बंद असतानाही जड जात असतील तर गिअर लिंकेज (गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतचे जोड), गिअर केबल किंवा गिअरबॉक्सच्या आतला प्रश्न आहे, हायड्रॉलिकचा नाही.

आता घसरणं. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, जोडीला जळका वास: ही प्लेटची लक्षणं. खंबाटकी किंवा कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर नवलही नाही. मात्र एक अपवाद मेकॅनिकही विसरतात. होज आतून फुगली किंवा अप्परचं परतीचं भोक बंद झालं, तर पेडल सोडल्यावरही लोअरमध्ये दाब अडकून राहतो आणि चांगली प्लेट घसरते. तपासणी सोपी आहे. घसरत असताना गाडी थांबवून लोअरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, क्षणभर सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि लगेच क्लच घट्ट पकडायला लागला, तर प्लेट बदलू नका. होज किंवा अप्पर बघा.

पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते, तर रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. आणि पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) थकली असण्याची किंवा फोर्कचा सांधा कोरडा पडल्याची शक्यता जास्त. हायड्रॉलिकचा दोष असेल तर होज तुंबलेली.

अप्पर की लोअर?

गॅरेजमध्ये हे दहा मिनिटांत ठरवता येतं. लोअरकडे जाणारी रबरी होज गुळगुळीत जबड्याच्या होज क्लॅम्पने दाबून बंद करायची आणि पेडल मारायचं. पेडल उंच आणि कडक झालं तर अप्पर ठीक, दोष क्लॅम्पच्या पुढे. तरीही खाली सरकलं तर दोष अप्परमध्ये. पक्कड लावून होज चेपू देऊ नका. भेगा पडलेल्या जुन्या होजवर हा प्रयोगच करू नका, ती आतून फाटते. लोअर बाहेर असेल तर आणखी एक खूण मिळते: कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगून लोअरचा रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजा आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडा. रॉड पूर्ण सरकतोय आणि तरी क्लच सुटत नाही, म्हणजे हायड्रॉलिक ठीक आहे. दोष फोर्क, प्रेशर प्लेट किंवा प्लेटमध्ये. गिअरबॉक्स उतरवायची परवानगी द्यायची ती इथे, त्याआधी नाही.

हवा काढणं

बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं; डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळत नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल चुकूनही नको: रबरं फुगतात आणि डबी सामाईक असेल तर ब्रेकचीही वाट लागते. बाटली नवी, सीलबंद हवी, कारण हे तेल हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. याच ओलीने सिलिंडर आतून गंजतात. कोकणातल्या पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी दर दोन वर्षांनी तेल बदललेलं बरं.

अर्धा लिटर तेल, निपलला बसेल असा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि दुसरा माणूस, एवढं लागतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा आणि मगच पेडल सोडायचं. पेडल स्वतःहून वर येत नसेल तर हाताने उचला. नळीतून बुडबुड्याशिवाय स्वच्छ तेल येईपर्यंत हे चालू ठेवा. या काळात डबीवर नजर हवी. ती रिकामी झाली की हवा ब्रेकमध्येही जाऊ शकते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जाईल. आणि लोअर आतला असेल तर गिअरबॉक्स पूर्ण चढवून होईपर्यंत पेडलला कोणाचाही पाय लागू नये. समोर आधार नसल्याने पिस्टन बाहेर पडतो आणि नवा कोरा पार्ट वाया जातो.

बिल कसं जोखायचं

बिलाचे तीन भाग वेगळे मागा: पार्ट, मजुरी, तेल. ‘क्लचचं काम, एकूण एवढे’ असा आकडा मान्य करू नका. मजुरी तासांवर तोला. बाहेरचा लोअर हवा काढण्यासकट १ ते १.५ तास, अप्पर डॅशबोर्डखाली आडवं पडून काढावा लागतो म्हणून १.५ ते २ तास. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून चढवायला ५ ते ७ तास.

हिशेब कळावा म्हणून आकडे धरून चालू. मजुरी तासाला ५०० रुपये धरली, तर बाहेरच्या लोअरचं काम ७५० मजुरी, पार्ट १,४००, तेल २५०, मिळून २,४००. आतल्या लोअरचं काम ६ तासांचे ३,०००, पार्ट ४,५००, ब्रेक ऑइल २५०, चाकांकडे जाणारे शाफ्ट काढताना गळून जाणारं गिअर ऑइल १,०००, मिळून ८,७५०. तुमच्या गावातले भाव वेगळे असतील, प्रमाण साधारण असंच राहील. आता बघा: ८० हजार किलोमीटर झालेल्या प्लेटसाठी सहा महिन्यांनी परत तोच गिअरबॉक्स उतरवला, तर मजुरी आणि गिअर ऑइलचे ४,००० दुसऱ्यांदा जातात. म्हणून गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट, आतला लोअर आणि क्रँकचं मागचं सील एकत्रच बघून घ्या. इथे मेकॅनिक ‘सगळंच बदला’ म्हणाला तर तो लुबाडतोय असं समजू नका. बाहेरच्या लोअरच्या गाडीत मात्र तेच वाक्य संशयास्पद आहे.

रबर किट की पूर्ण सिलिंडर? किट स्वस्त पडतं, पण सिलिंडरच्या आतून बोट फिरवल्यावर ओरखडा किंवा गंजाचे खड्डे लागले तर नवं रबर काही आठवड्यांत फाटेल. तेव्हा पूर्ण सिलिंडरच घ्या. अप्पर नवा टाकला की जुन्या लोअरवर पूर्ण दाब येतो आणि तोही गळू लागू शकतो. तेल काळं झालं असेल आणि दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे असतील तर जोडी बदलणं शहाणपणाचं. हवा काढायची मजुरी एकदाच पडते.

पार्टच्या खोक्यावर छापलेली एमआरपी सगळ्या करांसह असते. तीवर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला तर बिल परत करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) गॅरेजला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. पार्ट स्वतः आणायचा तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, पण मग पार्टची वॉरंटी तुमच्या डोक्यावर. फिटिंगमध्ये बिघडला की दुकानदार आणि मेकॅनिक एकमेकांकडे बोट दाखवतात. थोडे जास्त देऊन पार्ट आणि काम एकाच हाती ठेवणं पुष्कळदा परवडतं.

काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या: दोष काय, कुठल्या तपासणीवरून, जुना पार्ट परत मिळणार का, कामाची हमी किती दिवसांची. गाडी घेताना इंजिन चालू ठेवून वीस-पंचवीस वेळा रिव्हर्स टाकून बघा, ब्रेक पेडलही दाबून बघा. डबीवर तेलाच्या पातळीची पेनने रेघ मारा आणि आठ दिवसांनी परत बघा. पातळी रेघेखाली गेली असेल तर जॉब कार्ड घेऊन त्याच गॅरेजला जा.