आईबाबा आखातात, लेकाचा स्टुडंट व्हिसा नाकारला: नागपुरात बसून काय करायचं

नकाराचं पत्र आलं की घरातून पहिला फोन दुबईला किंवा मस्कतला जातो आणि दुसरा एजंटला. एजंट म्हणतो, 'परत टाकू.' तीच फाईल परत टाकू नका, उत्तरही तेच येतं. आधी पत्र घेऊन बसा आणि नकार कोणत्या नियमाखाली दिलाय ते शोधा.

ब्रिटनच्या पत्रात कारण स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा पैशाचा हिशोब चुकलेला असतो. पहिल्या वर्षाची भरायची राहिलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत पडला पाहिजे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चाचा आकडा लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. समजा लीड्सला जायचंय आणि १२,००० पौंड फी बाकी आहे. मग १२,००० अधिक १०,५३९, म्हणजे २२,५३९ पौंड. मधल्या एकाच दिवशी शिल्लक याखाली गेली तरी अर्ज पडतो. पैसे दिरहममध्ये असतील तर अर्जाच्या दिवसाचा दर लागतो, म्हणून चार-पाच टक्के जास्तच ठेवा.

इथे आपल्या घरांमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे आजोबांची एफडी. लेक नागपुरात आजी-आजोबांकडे वाढलेला असतो, म्हणून त्यांचीच ठेव दाखवली जाते. ब्रिटनला ती चालत नाही. खातं विद्यार्थ्याचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं हवं. एफडी मोडून रक्कम आईच्या खात्यात वळती करा आणि त्या दिवसापासून २८ दिवस मोजा. पतसंस्थेतली ठेवही दाखवू नका, कारण पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. आईवडिलांच्या खात्यासोबत जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. आखातातला दाखला अरबीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

नावं एकदा शेजारीशेजारी ठेवून तपासा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आईचं नाव जन्मदाखल्यावर एक आणि बँकेत दुसरं, हे तर घरोघरी असतं. ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र करून फाईलमध्ये लावा.

ब्रिटनच्या नकारात अधिकाऱ्याचीच चूक असेल तर २८ दिवसांत ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते. त्यात नवी कागदपत्रं सहसा बघत नाहीत, त्यामुळे कागद तुमचाच कमी पडला असेल तर त्या वाटेला जाऊ नका. विद्यापीठाकडून नवा कॅस (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा संदर्भ क्रमांक) घ्या आणि नवा अर्ज करा. अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार आपोआप परत येतो, अर्जाची फी येत नाही.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथल्या कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली, म्हणजे मुलगा शिकून परत जाईल याची खात्री पटली नाही म्हणून, नकार आला तर अपील नाही. नवा डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), फीचे नवे १८५ डॉलर, नवी मुलाखत. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर मात्र १२ महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा भरावे लागत नाहीत. २२१(जी)ची, म्हणजे कागद किंवा तपासणी बाकी असल्याची, चिठ्ठी मिळाली असेल तर घाबरू नका. तो शेवटचा नकार नाही, मागितलेले कागद द्या. आखाती कुटुंबातल्या मुलाबद्दल अधिकाऱ्याला खरी शंका असते ती अशी: हा परत जाणार कुठे? आईबाबा शारजात, शाळा नागपुरात, मग घर कोणतं? मुलाखतीला मुंबईला जायचं विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी याचं दोन वाक्यांचं खरं उत्तर मुलाकडे तयार हवं, पाठ केलेलं नको. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करायचा असतो. म्हणजे मुलाचा तिकडचा रेसिडेन्स व्हिसा चालू असेल तर मुंबई किंवा आखात, दोन्ही दारं उघडी आहेत.

कॅनडाच्या पत्रातली वाक्यं साचेबद्ध असतात, खरं कारण अधिकाऱ्याच्या टिपणात सापडतं. पत्रासोबत टिपण आलंय का ते आधी बघा. नसेल तर तिथला नागरिक किंवा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेला नातेवाईक मुलाच्या संमतीने ते मागवू शकतो. फेडरल कोर्टात जायचं असेल तर ६० दिवसांची मुदत असते.

पैशाच्या स्रोताबद्दल शंका घेतली असेल तर ती बहुधा अशी उभी राहते: आखातात पगारावर आयकर नाही, म्हणून तिकडचं रिटर्न नाही. इकडच्या रिटर्नमध्ये फक्त भाडं आणि व्याज. कागदावर उत्पन्न किरकोळ आणि शिल्लक तीस-चाळीस लाख! यावर तोडगा म्हणजे कंपनीचं पगाराचं प्रमाणपत्र, पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, तिथून एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं) आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद आणि हे सगळं एका पानात जोडून दाखवणारं सीएचं पत्र. प्लॉट विकून रक्कम आली असेल तर विक्रीखत भाषांतरासह लावा.

पुढच्या प्रत्येक अर्जात, कोणत्याही देशाच्या, 'आधी व्हिसा नाकारला होता का' याला 'हो' लिहा. लपवाछपवीने किंवा बनावट स्टेटमेंटने ब्रिटनमध्ये १० वर्षं आणि कॅनडात ५ वर्षं बंदी येऊ शकते. 'स्टेटमेंट आम्ही बनवून देऊ' म्हणणाऱ्या एजंटकडून मूळ कागद त्याच दिवशी परत घ्या.

आणि पत्र आलं त्याच दिवशी विद्यापीठाला मेल करा: प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का, आणि फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती. परताव्यासाठी नकाराचं पत्र लागतं, त्याची स्वच्छ पीडीएफ मेलला जोडूनच पाठवा.