जुनी हार्ड डिस्क दिसत नाही? 'गेली' म्हणण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना सीपीयू खाली येतो आणि घरात कुणाला तरी आठवतं, ताईच्या लग्नाचे सगळे फोटो यातच आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनचा कॉम्प्युटर एका सकाळी चालू होता होता अडकतो. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत पंधरा वर्षांपूर्वीचा हिशेब अचानक लागतो. तिन्हीकडं तक्रार एकच: "डिस्क दिसंना झालीया." आणि पाठोपाठ निकालही लागतो: "गेली असंल."

पुष्कळदा ती तेव्हा गेलेली नसते. ती जाते पुढच्या तासाभरात, आपल्याच हातानं.

'दिसत नाही' हे एकच दुखणं नव्हे. आधी मोटर फिरावी लागते, मग बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, डिस्कचं नाव कळावं लागतं, मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती यावी लागते आणि सगळ्यात शेवटी 'माय कॉम्प्युटर'मध्ये ड्राइव्ह उघडतो. गाडी यातल्या कुठल्या पायरीवर अडली ते न बघताच लोक रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला घेतात. बायोसलाच डिस्क दिसत नसेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर तिला शोधू शकत नाही. उलट बायोसमध्ये नाव दिसतंय आणि फक्त ड्राइव्ह लेटर (डी, ई असं अक्षर) गायब आहे, अशा वेळी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचं काहीच कारण नाही.

आवाज न ऐकताच दहा वेळा चालू-बंद करणं

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा पंखे, टीव्ही बंद करून डिस्कजवळ कान न्या. एकसारखा फिरल्याचा आवाज येतोय आणि तरी नाव येत नाही, म्हणजे संशय केबल, जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी), सर्किट किंवा फर्मवेअरवर (डिस्कचा स्वतःचा आतला प्रोग्रॅम). अगदीच शांतता असेल तर वीज पोचत नाही किंवा सर्किट बोर्ड उडालाय. बारीक गुणगुण किंवा बीप येऊन थांबत असेल तर मोटर जाम आहे किंवा हेड, म्हणजे डेटा वाचणारा बारीक भाग, चकतीला चिकटलंय. आणि ठराविक लयीत टक्‌... टक्‌... टक्‌ ऐकू आलं की वीज लगेच बंद करा. हेडला वाचायचा पत्ता सापडत नाही, ते मागं जाऊन पुन्हा येतंय. अशा डिस्कला 'एकदा अजून बघू' म्हणून दिलेली प्रत्येक संधी चकतीवर ओरखडे वाढवू शकते, आणि ओरखडा गेलेल्या जागेवरचा डेटा जगात कुणीच परत आणू शकत नाही.

विजेकडं दुर्लक्ष

डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला दोन प्रकारची वीज लागते: मोटरला १२ व्होल्ट, इलेक्ट्रॉनिक्सला ५ व्होल्ट. जुन्या चार पिनी कनेक्टरमध्ये पिवळी वायर १२ची, लाल ५ची, दोन काळ्या अर्थिंगच्या. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, म्हातारा झाला, आतले कॅपॅसिटर फुगले, की मोटर सुरू होतानाच्या ओढीला १२ व्होल्ट खाली बसतो. डिस्क फिरते, थांबते, परत फिरते. मल्टिमीटरनं बघायचं ते डिस्क जोडलेली असताना. मोकळ्या एसएमपीएसचं रीडिंग फसवं असतं. ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ या पट्ट्यांच्या बाहेर आकडा गेला तर डिस्कला दोष देण्याआधी चांगला एसएमपीएस लावून बघा.

यूएसबीतून फक्त ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळं साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालणारच नाही, तिला वेगळा अडॅप्टर हवाच. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क चालते, पण जुन्या यूएसबी पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर बारीक लांब वायरमुळं तेवढंही नीट पोचत नाही. मागच्या पोर्टला आखूड केबलनं जोडा. निम्म्या तक्रारी इथंच संपतात, असं माझं मत.

आणि घरातला पिन बसतो तो कुठलाही अडॅप्टर एक्स्टर्नल डिस्कला लावू नका. लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा असतो, डिस्कला १२ हवे असतात. पिन आत गेली म्हणजे जमलं असं नाही. अशा वेळी बोर्डावरचा संरक्षणाचा डायोड शॉर्ट होऊन डिस्क मुकी होते. नशीब बरं असेल तर एवढ्यावरच निभावतं आणि जाणकार माणूस तो डायोड काढून डिस्क जागी करतो.

जंपर आणि केबल: जुन्या डिस्कची खरी मेख

साटा, म्हणजे अरुंद केबलच्या, डिस्क २००३च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधीच्या रुंद पट्टी-केबलच्या, म्हणजे आयडीई डिस्क. एका केबलवर दोन डिस्क बसतात, म्हणून कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह हे मागच्या छोट्या जंपरनं ठरवायचं. आजच्या पोरांनी तो जंपर पाहिलेलाच नसतो. जुनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरच्या केबलला जोडली, दोन्ही मास्टर राहिल्या, की एक दिसत नाही किंवा दोन्ही गायब होतात.

वेस्टर्न डिजिटलच्या कित्येक आयडीई डिस्कमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथं 'मास्टर' आणि 'एकटी' अशी दोन वेगळी मांडणी असते. केबलवर एकटीच डिस्क असताना जंपर मास्टरवर ठेवला, तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते आणि बायोसला दिसत नाही. जंपर पूर्ण काढून टाकला की येते. लेबलवर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचा. यूएसबी कन्व्हर्टरला आयडीई डिस्क जोडतानाही साधारण मास्टर ठेवायची, आणि वेस्टर्न डिजिटलच्या या डिस्कचा जंपर काढायचा. आधी डिस्कला वीज द्या, ती वेगात फिरू द्या, मगच यूएसबी खोचा.

८० तारांच्या केबलला रंग असतात: निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. पट्टीच्या कडेची लाल रेघ एक नंबरच्या पिनेकडं, म्हणजे बहुतेक डिस्कवर विजेच्या कनेक्टरच्या बाजूला. जोर लावून उलटं बसवू नका. लॅपटॉपच्या अडीच इंची आयडीईला ४४ बारीक पिना असतात, त्यातली एक वाकली तरी खेळ खल्लास. वाकलेली पिन सुईनं नव्हे, घड्याळजीच्या चिमट्यानं हळूच सरळ करायची.

८० जीबीची डिस्क ३२ जीबीच दाखवत असेल तर तीही बिघडलेली नसते. जुन्या बायोसला मोठ्या डिस्क झेपत नव्हत्या म्हणून कंपन्या क्षमता कमी दाखवणारा जंपर द्यायच्या, तोच राहून गेलेला असतो. १३७ जीबीची भिंत वेगळी: २८ बिटांच्या पत्त्यात त्यापुढं मोजताच येत नाही. विंडोज एक्सपीला ती ओलांडायला २००२चा सर्व्हिस पॅक १ लागला. त्याआधीच्या सिस्टिमवर मोठी डिस्क जोडून काही लिहू नका, पुढचा डेटा मागच्यावर चढू शकतो.

कॉम्प्युटरचं घड्याळ प्रत्येक वेळी मागच्या सालात जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. त्याबरोबर बायोसची सेटिंगही पुसली जाते, आणि डिस्कशी बोलायची पद्धत 'एएचसीआय'ऐवजी 'आयडीई' झाली की धडधाकट डिस्कवरचं विंडोज चालू होत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदला, सेटिंग पूर्ववत करा.

विंडोज विचारतंय म्हणून 'यस' दाबणं

'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.' 'डिस्क इनिशियलाइज करा.' या दोन्ही खिडक्यांना उत्तर एकच, 'कॅन्सल'. फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याची मांडणी, वाचता आली नाही, इतकाच त्यांचा अर्थ. मॅक किंवा लिनक्सची डिस्क विंडोजला लावली तरी हेच विचारलं जातं, डिस्क उत्तम असताना.

चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन चालवण्याचा सल्ला तर सगळीकडं मिळतो. तो निरोगी डिस्कसाठी आहे. खराब सेक्टर (चकतीवरचे डेटाचे छोटे कप्पे) वाढत असलेल्या डिस्कवर चेकडिस्क फाइलींची मोडतोड करून मोकळा होतो, कारण डेटा वाचवणं हे त्याचं कामच नाही; फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे आहे.

आणखी एक गोंधळ: काही कंपन्यांच्या एक्स्टर्नल डिस्कचं केसिंग (सर्किटसह बाहेरची डबी) मेलं म्हणून लोक आतली डिस्क काढून थेट साटाला जोडतात आणि ती कोरी दिसते. कधी केसिंगमधलं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करत असतं, कधी सेक्टरचा आकार बदलून दाखवत असतं. अशा डिस्कला तसंच केसिंग किंवा त्याचा बोर्ड मिळवा. फॉरमॅट केलंत तर हातचं जाईल.

पावसाळा, पूर आणि गावठी उपाय

आपल्याकडं जूननंतर भिंती घाम सोडतात. बंद पडून राहिलेल्या डिस्कच्या बोर्डाखाली हेड आणि मोटरशी जोडणाऱ्या टिकल्या काळ्या पडतात. छोट्या टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरनं, साधारण टी-६ किंवा टी-८नं, बोर्ड काढून त्या टिकल्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसल्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं की काही डिस्क परत बोलू लागतात. बोर्ड काढणं म्हणजे झाकण उघडणं नव्हे, एवढं लक्षात असू द्या. झाकण घरी उघडायचं नाही. हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्यापुढं डोंगर.

सारख्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड चढवणं हाही आवडता प्रयोग. फार जुन्या डिस्कवर तो चालायचा. नंतरच्या डिस्कमध्ये त्या-त्या हेडची मापं बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. फ्रीजरमध्ये ठेवणं, टेबलावर आपटणं हे सोडून द्या. फ्रीजरमधून काढलेल्या थंड डिस्कवर आपल्या दमट हवेत लगेच पाणी धरतं, आतसुद्धा.

२०१९ आणि २०२१ला पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या दुकानांतले कॉम्प्युटर बुडाले. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. 'सुकली की लावून बघू' ही इथली सगळ्यात महागडी चूक. गाळ चकतीवर वाळला की घट्ट बसतो, मग हेड त्यावर आपटतं. तांदळात ठेवू नका, उन्हात वाळवू नका. ओली असेल तर ओलसरच, पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडं न्या, आणि पाण्यात होती हे स्पष्ट सांगा.

सापडली, आता घाई नको

एखादी डिस्क अखेर दिसली की लोक आधी फोटो उघडून बघत बसतात. तसं न करता पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालणारं डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळं मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढं चालू करता येतं. नंतर टेस्टडिस्क, फोटोरेक ही रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवायची ती त्या प्रतीवर. मिळालेल्या फाइली मूळ डिस्कवरच साठवणं म्हणजे उरलेल्यावर पाणी सोडणं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून 'स्मार्ट'चे, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीचे नोंदवलेले, आकडेही बघा. सी५ आणि सी६ वाढत असतील तर पृष्ठभाग संपतोय. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा.

सीगेटच्या २००८च्या सुमाराच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेत फर्मवेअरचा दोष होता. डिस्क सुरळीत फिरते पण एका दिवशी बायोसमधून नाहीशी होते. जानेवारी २००९मध्ये कंपनीनं तो मान्य करून अपडेट दिला, पण आधीच अडकलेली डिस्क त्या अपडेटनं सुटत नाही. तिला सिरियल कन्सोल लावणारा, म्हणजे बोर्डाला थेट वायर जोडून फर्मवेअरला आज्ञा देणारा, माणूस लागतो. लेबलवर हे मॉडेल दिसलं तर बाकी प्रयोग करत बसू नका.

रिकव्हरीला देताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: तपासणीचे पैसे किती, काम सुरू करण्याआधी प्रत काढणार का, आणि झाकण उघडायची वेळ आली तर विचारणार का. डिस्कवरचा सिरियल नंबर आणि बोर्डाचा फोटो स्वतःकडं ठेवा. आतापर्यंत काय काय करून बघितलं तेही खरं सांगा, खोडरबरासकट.