थंडीची तयारी सगळे करतात, सुट्टीची कुणीच नाही: जर्मनीत एक्सचेंजला जाताना या चुका टाळा

मी सांगलीची. एका सत्रासाठी जर्मनीत ड्रेस्डेनला जायचं ठरलं तेव्हा घरीदारी प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "थंडी सोसेल का गं?" २४ डिसेंबरला दुपारी दोननंतर तू खाणार काय, असं कुणीही विचारलं नाही.

थंडी सोसली. तीन आठवड्यांत अंगवळणी पडली. खरा त्रास दिला तो बंद दुकानांनी, अर्धवट उघड्या खिडक्यांनी आणि दुपारी चारला पडणाऱ्या अंधाराने. माझ्या बहुतेक चुका याच तिघांपायी झाल्या. यंदा कुणी निघालं असेल तर निदान माझ्या तरी चुका पुन्हा करू नका, नव्या करा.

बॅगेत जॅकेट कोंबणं

हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. त्यातला एक जाडजूड स्वेटर आईने घेतला, आणि पुण्यातून एक फुगीर जॅकेट. दोघांनी मिळून बॅगेतले चार किलो खाल्ले. तिकडे गेल्यावर कळलं की जॅकेटमधून वारा आरपार जातो आणि स्वेटर घालून वर्गात बसलं की घामाच्या धारा लागतात, कारण इमारतींच्या आत वीस-एकवीस अंश तापमान असतं. जर्मन लोक कपड्यांच्या बाबतीत 'कांद्याचं तत्त्व' सांगतात: एकावर एक पातळ पापुद्रे, हवा तो काढता येईल असे. सगळ्यात आतला सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि बाहेर पडलं की तोच घाम अंगावर गार होतो. सगळ्यात बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा हवा. तो तिथेच घ्या, सेकंडहँड मिळाला तर उत्तम. पैसे घालायचेच असतील तर बुटांत घाला. तळव्याला खोल खाचा असलेले बूट नसतील तर बर्फावर नाही, बर्फ वितळून रात्रीत पुन्हा गोठलेल्या फुटपाथवर आपटाल. मी दोनदा आपटले, दोन्ही वेळा ट्रामच्या स्टॉपवर, भरपूर प्रेक्षकांसमोर.

हीटरचा नॉब म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

ही चूक मला सगळ्यात महागात पडली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खोलीतल्या हीटरच्या नॉबवर १ ते ५ आकडे असतात. मी समजले, पाचवर ठेवला की खोली लवकर तापेल. तसं नसतं. तो आकडा खोलीचं तापमान ठरवतो. ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि पुढचा-मागचा प्रत्येक आकडा चारेक अंशांचा. खोली तेवढी तापली की झडप आपोआप मिटते. पाचवर ठेवल्याने वेग वाढत नाही, खोली फक्त २८ अंशांकडे सरकत राहते. आकड्यांच्या खाली एक चांदणीचं चिन्ह असतं. ते फक्त पाणी गोठू नये एवढी ऊब ठेवतं. सुट्टीत बाहेरगावी जाताना नॉब त्यावर ठेवून जायचं.

आता खिडकी. तिकडच्या खिडक्या दोन तऱ्हांनी उघडतात: दारासारख्या पूर्ण, किंवा वरून थोड्या कलत्या. पूर्ण उघडली तर थंडी आत येईल म्हणून मी ती दिवसभर नुसती कलती ठेवायचे. शिवाय धुतलेले कपडे हीटरवर वाळत घालायचे, आणि भात, डाळ सगळं खोलीतल्याच छोट्या शेगडीवर. नोव्हेंबरअखेरीस सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ यायला लागले. मला ते सुंदर वाटलं, मी फोटोसुद्धा काढला! डिसेंबरात कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले. मी त्यावर पोस्टर लावलं. सत्र संपताना पोस्टर निघालं, आणि डिपॉझिटमधून भिंतीचे पैसे कापले गेले.

काय झालं होतं? उबदार हवेत कपड्यांची आणि स्वयंपाकाची वाफ साठते, ती हवा बाहेरच्या गार भिंतीला टेकते आणि तिथे पाणी सुटतं. कपाट भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे तिथे हवा खेळत नाही, आणि बुरशीला आयतं घर मिळतं. कलत्या खिडकीने ओल बाहेर जात नाही, उलट खिडकीभोवतीची भिंत आणखी गार होते. यावर तिकडचा उपाय इतका रुळलेला आहे की त्याला स्वतःचं नाव आहे, 'श्टोसल्युफ्टन'. हीटर बंद करायचा, खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटांत खोलीतली सगळी हवा बदलायची आणि पुन्हा बंद. दिवसातून तीन-चार वेळा, बाहेर उणे पाच असलं तरी. भाडेकरारात हे कलम असू शकतं, करार नीट वाचा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि कपडे सामायिक ड्रायरमध्ये वाळवा. सकाळी काच ओली दिसली तर पुसून घ्या आणि आपलं काहीतरी चुकतंय असं समजा. ठिपके दिसलेच तर फोटो काढून त्याच दिवशी हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, लेखी कळवा. पोस्टर लावू नका.

दिवाळी, फोडणी आणि फायर अलार्म

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे शेजाऱ्यांशी धड ओळखही झालेली नसते आणि आपण तेलात मोहरी-मिरची टाकतो. मिरचीचा ठसका आणि धूर कॉरिडॉरच्या अलार्मपर्यंत पोचला की अख्खा मजला चपला घालून खाली उभा. आमच्याकडे हे नरक चतुर्दशीला झालं, पहाटेच. नको तेव्हा अग्निशमन दल आलं तर त्याचं बिलही येऊ शकतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि कॉरिडॉरकडचं दार बंद, हा क्रम पाळा. उलटा केलात तर धूर नेमका अलार्मकडे जातो. अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका.

फराळाचं पार्सल मागवतानाही चुका होतात. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात टपालाने पाठवायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाचा डबा बाद. घरून आलेल्या भेटवस्तूंची किंमत ४५ युरोंपर्यंत असेल तर कस्टम ड्युटी लागत नाही, पण आत काय आहे आणि किती रुपयांचं, हे पार्सलवर खरं आणि स्पष्ट लिहावं लागतं. 'होममेड फूड' एवढंच लिहिलेलं माझं पार्सल कस्टमच्या ऑफिसात जाऊन सोडवावं लागलं, आणि चकलीला जर्मनमध्ये काय म्हणतात हे मला अजून सांगता येत नाही. चकल्या प्रवासात भुगा होऊनच येतात. भाजणी मागवा.

२४ डिसेंबर

आपण ख्रिसमस म्हणजे २५ तारीख समजतो. जर्मनीत खरा सण २४ च्या संध्याकाळी. त्या दिवशी दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत, मग २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. रविवारी दुकानं एरवीही बंदच. २०२६ साली २५ तारीख शुक्रवारी येते. म्हणजे गुरुवारी दुपारी मिटलेलं शटर थेट सोमवारी, २८ ला उघडणार.

मी सव्वादोनला सुपरमार्केटच्या दारात पोचले. आत दिवे होते, माणसं नव्हती. विद्यापीठाची मेस आधीच बंद झालेली. घरात तूरडाळ, दोन कांदे, आणि भडंगाचं एक पाकीट. तीन दिवस भडंगाने काढले असं म्हटलं तर जरा नाट्यमय होईल, पण फार खोटंही होणार नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनातली एखाद-दोन दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात, हे मला २७ तारखेला कळलं. तुम्ही २२ लाच सामान भरा. २३ ला बिलाच्या रांगा दारापर्यंत येतात.

ख्रिसमस मार्केट 'सुट्टी लागली की निवांत बघू' म्हणून राखून ठेवणं ही त्याचीच जुळी चूक. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा, जर्मनीतल्या सर्वांत जुन्या बाजारांपैकी एक. नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि २४ ला दुपारीच आवरतो. सुट्टीत जाल तर उतरवलेल्या फळ्या बघाल. गरम वाइनच्या कपासाठी वेगळी अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. दारू नको असेल तर मुलांसाठीचं 'पंच' नावाचं पेय मागा, कुणी भुवया उंचावत नाही.

"काही नाही, बघू"

डिसेंबरच्या सुरुवातीला वर्गातल्या एका मुलीने विचारलं, ख्रिसमसला काय करते आहेस? मी आपल्या वळणाने म्हटलं, "काही नाही, बघू." तिने घरी येतेस का विचारलं. मी म्हटलं, "नको गं, उगाच तुम्हाला त्रास." आपल्याकडे इथून पुढे आग्रहाला सुरुवात होते. ती म्हणाली, "बरं," आणि विषय संपला. तिने मला दुखवलं नव्हतं, माझ्या शब्दाला मान दिला होता. तिकडे 'नको' म्हणजे नको. जायचं असेल तर पहिल्याच वेळी 'हो' म्हणा, आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. २४ च्या रात्री बऱ्याच घरी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असा साधाच बेत असतो, आणि त्या सॅलडमध्येही मांसाचे तुकडे असू शकतात.

६ डिसेंबरच्या सकाळी दाराबाहेरच्या माझ्या बुटात एक संत्रं आणि अक्रोड सापडले. कुणाचे तरी चुकून पडले असतील म्हणून मी ते शेजारणीच्या बुटात ठेवले. आदल्या रात्री संत निकोलाउस बुटांत खाऊ ठेवून जातो, आणि आमच्या मजल्यावरचा निकोलाउस म्हणजे ती शेजारीणच होती.

सुट्टीत दुपारी उठणं

डिसेंबरात तिथे सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही बहुधा ढगाळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. मी तिथल्या रात्री दोनपर्यंत जागून, आई सकाळी साडेसहाला उठली की तिच्याशी बोलायचे आणि मग बाराला उठायचे. पदरात उजेड चार तासांचा. दोन आठवड्यांत विनाकारण रडू यायला लागलं. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: फोन तिथल्या दुपारी साडेतीनला, म्हणजे घरी रात्री आठला, आणि रोज बारा ते दोनच्या मध्ये कधीतरी बाहेर चालणं, आभाळ कसंही असो. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने जास्त घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. झोप-जेवण बिघडलं तर विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशकाची वेळ सुट्टीआधीच घेऊन ठेवा. सुट्टीत तेही सुट्टीवर असतात.

प्रवासाचं थोडक्यात. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर शेंगेनच्या (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या) इतर देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं. ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने अडीचेक तासांवर आहे. लंडन आणि डब्लिन मात्र शेंगेनमध्ये नाहीत, तिथला व्हिसा वेगळा. जर्मनीत फटाके वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांतच विकले जातात. सीमेपलीकडच्या चेक बाजारातून स्वस्तातले, मान्यता नसलेले फटाके आणणं हा गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र मी आळसामुळे बरोबर केली. दिवाळीत खिडकीत टांगलेला कागदी आकाशकंदील काढायचाच राहून गेला. डिसेंबरात आजूबाजूच्या खिडक्यांतून हेर्नहूट या गावचे कागदी तारे लागले. हा तारा याच सॅक्सनी प्रांतातला. आई-वडील दूरदेशी मिशनरी म्हणून गेलेली मुलं निवासी शाळेत राहायची, ती तो बनवायची. शेजारणीने माझा कंदील बघून विचारलं, हा कुठल्या दुकानातला तारा? मी दिवाळीचं सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आता काढणारच होते. ती म्हणाली, वेडी आहेस का, ६ जानेवारीपर्यंत कुणी तारा काढत नाही.