कार्डाचं बिल पूर्ण भरा: उद्यमनगरातनं सांगतोय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांचं जॉबवर्क. माल आज गेला तरी पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं), ड्रिल, कुलंट मात्र रोखीचं. म्हणून मी क्रेडिट कार्ड घेतलं. गेल्या महिन्यात भाच्याला गोकुळ शिरगावात नोकरी लागली आणि पहिल्या पगारापाठोपाठ त्याच्याही हातात कार्ड आलं. त्यानं विचारलं, “मामा, मिनिमम भरलं की झालं न्हवं?” मीही तेच समजत होतो. म्हणून माझाच हिशेब त्याच्यापुढं मांडला.

५ जूनला ४०,००० रुपयांचे इन्सर्ट घेतले. १८ जूनला बिल निघालं, भरायची शेवटची तारीख ८ जुलै. फाउंड्रीचा चेक आला नव्हता, म्हणून मिनिमम, म्हणजे बिलाचे पाच टक्के, २,००० रुपये भरले. १० जुलैला आणखी १५,००० चा माल घेतला. १८ जुलैच्या बिलात व्याज किती? कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. चाळीस हजारांवर व्याज ८ जुलैपासून नाही, ५ जूनपासूनच लागलं. त्यापुढं उरलेल्या ३८,००० वर लागलं. नव्या पंधरा हजारांवरही घेतल्या दिवसापासून लागलं. व्याज २,०९४ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,४७१ रुपये. भरले दोन हजार, वाढले त्याहून जास्त!

मिनिमम भरल्यानं लेट फी टळते आणि खातं थकीत होत नाही, एवढंच. व्याज थांबत नाही. आणि जुनी बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी एक दिवसही मिळत नाही. हे मला कार्ड देताना कुणी सांगितलं नव्हतं.

असे अडकला असाल तर आधी कार्डावरची खरेदी पूर्ण बंद करा. मग स्वस्त पैसा शोधा. मी पतसंस्थेतल्या ठेवीवर कर्ज काढलं. त्याचं व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा थोडंच जास्त पडतं. कार्ड शून्यावर आणलं, तरी पुढच्या बिलात थोडं व्याज आलंच. ते बिल निघाल्यापासून मी पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं होतं. घाबरू नका, पण तेही पूर्ण भरा.

आता तारखा. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या मालाला जवळपास पन्नास दिवस मिळतात. बिलाच्या आदल्या दिवशी घेतलेल्याला वीस-एकवीसच. मोठी खरेदी त्या हिशेबानं करा. माझे पैसे १० तारखेनंतर येतात, म्हणून मी बँकेला सांगून बिलाची तारीख १८ ची २५ करून घेतली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी निदान एकदा तरी असा बदल करून घेण्याची सोय दिलेली आहे.

ऑटो-डेबिट लावा, पण लावताना ‘टोटल’ निवडलंय की ‘मिनिमम’ हे डोळे उघडे ठेवून बघा. भाच्याच्या ॲपमध्ये मिनिममच निवडलेलं होतं. दुसऱ्या बँकेतनं भरत असाल तर तीन दिवस आधी भरा. तारीख चुकलीच तर लक्षात येईल त्याच दिवशी भरा: नियमानं लेट फी तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच लावता येते, आणि तीही थकलेल्या रकमेवर, अख्ख्या बिलावर नाही.

कार्डावर एटीएममधनं रोख काढू नका. दहा हजार काढले तर बऱ्याच बँका किमान ५०० रुपये फी घेतात, त्यावर ९० जीएसटी, आणि व्याज काढल्या क्षणापासून. त्यापेक्षा मेव्हण्याकडं मागितलेले बरे.

लक्ष्मीपुरीत काही दुकानदार कार्डाला दोन टक्के जादा मागतात. चाळीस हजारांवर ते आठशे होतात, कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंटांतनं तेवढे कधीच सुटत नाहीत. तिथं मी यूपीआयनं किंवा चेकनं देतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’वरही, म्हणजे बिनव्याजी म्हणून देतात त्या हप्त्यांवरही, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, हप्ता ठरवायच्या आधी एकूण किती जातात ते विचारून घ्या.

वार्षिक फी लागली तर फोन करून माफीसाठी विचारा. दोनदा मला मिळाली. नाही मिळाली आणि कार्ड फारसं वापरत नसाल तर बाकी चुकती करून लेखी बंद करायला सांगा. बँकेनं सात कामाच्या दिवसांत बंद करायला हवं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँक तुम्हाला ५०० रुपये देणं लागते.

बिलात न पटणारा चार्ज दिसला तर आधी बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते. चौकशीसाठी फोन १४४४८. भाच्यानं हा नंबर आणि बिलाची तारीख, दोन्ही माझ्या लेथशेजारच्या कॅलेंडरवरनं उतरून घेतलं.